आत्याबाईंची झोप आणि माजघरातला दिवस

गेल्या मार्गशीर्षात आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मध्यरात्री न्हाणीघराकडे जाताना उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि त्यांच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. वय ८३. शस्त्रक्रिया नीट पार पडली. नवव्या दिवशी आम्ही त्यांना सांगलीच्या गावभागातल्या घरी आणले आणि रीतीप्रमाणे त्यांची कॉट माजघरात टाकली, कारण माजघर स्वयंपाकघराला लागून आहे, तेथे वारे लागत नाही आणि आल्यागेल्याची वर्दळही नसते. त्यानंतर महिनाभर आमच्या घरात कोणाचीही रात्र धड झाली नाही. अडीच-तीनच्या सुमारास कॉटच्या लोखंडी दांड्यावर पेला वाजू लागे आणि पाठोपाठ हाक येई, "अगं, उजाडलं का गं? चहा ठेव की." दिवसा मात्र त्या ताटावर बसल्या बसल्या पेंगत, व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीशी धड बोलत नसत आणि संध्याकाळ झाली की घर ओळखू न आल्यासारख्या कावऱ्याबावऱ्या होत.

मी ३१ वर्षे परिचारिका होते आणि त्यांतली निम्मी तरी नाइट ड्यूटीत गेली असतील. त्यामुळे माझ्या मनात पहिला उपाय आला तो झोपेच्या गोळीचा. वॉर्डात आम्ही तेच करत असू. तपासणीला नेले तेव्हा मी डॉक्टरांपुढे गोळीचा विषय काढला. त्यांनी लगेच नकार दिला नाही. त्यांनी फक्त विचारले, "सिस्टर, आजी दिवसभर कुठे असतात?" मी माजघर म्हणाले. ते म्हणाले, "तिथे पेपर वाचता येतो का? दिवा न लावता?" आमच्या माजघरात भर दुपारीही दिव्याशिवाय पंचांग वाचता येत नाही. इतक्या वर्षांत रुग्णाचे तापमान, नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण मी तासातासाला लिहून ठेवले असेल. पण रुग्णाच्या डोळ्यांपर्यंत दिवसाकाठी उजेड किती पोहोचतो, हे नोंदवण्याचा रकाना कोणत्याही चार्टवर मला कधी दिसला नव्हता आणि त्याची उणीवही कधी जाणवली नव्हती.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. शरीराचे तापमान, झोपेची वेळ, भूक, रक्तदाबाचे चढउतार या सगळ्यांना वेळ सांगणारे मुख्य घड्याळ तेच. पण ते नेमके २४ तासांचे नसते. बहुतेक माणसांत ते २४ तासांहून थोडे अधिक, सरासरी १०-१२ मिनिटांनी लांब चालते आणि म्हणून त्याला रोज लावून घ्यावे लागते. हे लावण्याचे मुख्य साधन उजेड. त्यासाठी डोळ्यांच्या पडद्यात वेगळ्या पेशी असतात, ही गोष्ट २००२ साली सिद्ध झाली, म्हणजे माझी निम्मी नोकरी संपल्यावर. या पेशींचे काम चित्र पाहणे हे मुख्यतः नसतेच. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते, ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देते, आणि त्यांची नस थेट त्या घड्याळाकडे जाते. यामुळेच दृष्टी पूर्ण गेलेल्या काही माणसांचेही घड्याळ उजेडाने लागत राहते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही म्हणून त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवले तरी चालते, असे आपण सहज म्हणतो, ते म्हणूनच बरोबर नाही.

आता म्हातारपणाचा भाग. वयाबरोबर डोळ्यांची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळे पडत जाते. पिवळे भिंग नेमका निळा उजेडच अडवते. आत्याबाईंच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे आणि दुसऱ्याचे राहिले आहे. एकदा त्या गंमत म्हणून आळीपाळीने एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. मला म्हणाल्या, "ह्या डोळ्याला चुना दिसतोय आणि त्या डोळ्याला हळद." सांगलीच्या माणसाला पिवळेपणासाठी दुसरी उपमा कशी सुचणार! पण या एका वाक्यात त्यांनी मला जे समजावले ते मला चार लेख वाचूनही इतके स्वच्छ समजले नव्हते. तरुण माणूस आणि ८० पार केलेला माणूस एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली बसले तरी दोघांच्या घड्याळापर्यंत पोहोचणारा उजेड सारखा नसतो. म्हाताऱ्या माणसाला तो कित्येक पटींनी कमी मिळतो. त्यात पुन्हा तोच माणूस खाटेला खिळलेला, आणि खाट घरातल्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत.

नातवाने मोबाइलमध्ये उजेड मोजण्याचे एक ॲप घेतले होते. ही मापे काटेकोर नसतात हे मला मान्य आहे. पण आकड्यांतले अंतर इतके प्रचंड होते की थोड्याबहुत चुकीने काही बिघडत नव्हते. उशीवर डोके असते त्या ठिकाणी, डोळ्यांच्या दिशेने मोबाइल धरून, दुपारी १२ वाजता ट्यूबलाइट लावलेल्या माजघरात आकडा आला ७० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक). सोप्यात दाराजवळच्या खुर्चीत तो ९०० च्या आसपास होता. अंगणात, पारिजातकाच्या सावलीत, उन्हात नव्हे, तो ८,००० च्या वर गेला. उघड्या उन्हात एक लाखापर्यंत लक्स असू शकतात. आपल्या डोळ्यांना ही तफावत जाणवत नाही, कारण डोळे पटकन जुळवून घेतात. माजघरातून अंगणात आल्यावर दोन क्षण डोळे दिपतात, एवढेच. घड्याळाला मात्र ७० लक्स म्हणजे दिवस उगवलाच नाही असे वाटते. २०२२ साली या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने निरोगी प्रौढांसाठी जी शिफारस केली, ती अशी की मेलॅनॉप्सिनच्या हिशेबाने मोजलेला उजेड डोळ्यांपाशी दिवसा किमान २५० लक्स असावा, झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत १० पेक्षा जास्त नसावा आणि झोपेत १ पेक्षा जास्त नसावा. आमच्या माजघरात दिवसा ७० आणि रात्री पेला वाजला की त्याच ट्यूबलाइटचे पुन्हा ७०. दिवस आणि रात्र यांत काही फरकच आम्ही ठेवला नव्हता. आत्याबाई "उजाडलं का?" असे विचारत होत्या, ते भ्रमातले बडबडणे नव्हते, प्रश्न रास्त होता.

येथे मला वॉर्डाविषयी लिहिले पाहिजे, कारण दोष केवळ घराचा नाही. मी ज्या दवाखान्यांत काम केले त्यांतल्या बहुतेक वॉर्डांत रात्रभर दिवे चालू असत. दोन वाजता एका बेडवर इंजेक्शन द्यायचे म्हणून आम्ही १२ बेडवरचे दिवे लावत असू आणि पहाटे ५ वाजता स्पंजिंगसाठी पुन्हा. अतिदक्षता विभागाला तर अनेकदा खिडकीच नसे, असली तरी तिला एसीसाठी फिल्म लावलेली असे. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री म्हातारे पेशंट सलाइन ओढून काढत, "मला घरी सोडा" म्हणून ओरडत. आम्ही त्याला डिलिरियम म्हणत असू, आणि त्याची कारणे बहुतेक वेळा संसर्ग, क्षार, वेदना, औषधे अशी असतातही. पण दिवस-रात्र न कळणे हे त्या यादीत आम्ही कधी धरले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच, रुग्णाला ताज्या हवेखालोखाल कशाची गरज असेल तर ती उजेडाची, असे लिहून ठेवले आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही ते पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि वॉर्डात जाऊन पडदे ओढून घेतले.

वृद्धाश्रमांत हा प्रयोग खरोखर करून पाहिला गेला आहे. नेदरलँड्समधल्या १२ निवासांतल्या १८९ वृद्धांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. यांतले बहुतेक स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होते. काही निवासांच्या दिवाणखान्यांत दिवसभर सुमारे १,००० लक्स मिळतील इतके दिवे लावले, बाकीच्यांत नेहमीसारखे ३०० लक्सच्या आसपास ठेवले. उजेडातल्या लोकांची बुद्धीची घसरण किंचित मंदावली, उदासी कमी झाली आणि रोजच्या कामांतले परावलंबन सावकाश वाढले. परिणाम मोठे नव्हते. स्मृतिभ्रंश बरा झाला असे कोणीही म्हटलेले नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. ज्यांना उजेडाशिवाय नुसत्या मेलॅटोनिनच्या, म्हणजे शरीर रात्री तयार करते त्या संप्रेरकाच्या, गोळ्या दिल्या, ते अधिक खिन्न आणि अलिप्त झाले. म्हणजे दिवस न देता विकतची रात्र देण्याचा उपाय तेथे अंगाशी आला होता.

तेव्हा आम्ही कॉट सोप्यात आणली. हे लिहायला एक ओळ लागली, करायला आठवडा लागला. नणंदबाईंचे म्हणणे, वारे लागेल. शेजारच्या काकूंचे म्हणणे, आजारी माणूस दारात ठेवतात का, लोक काय म्हणतील. आत्याबाईंचे स्वतःचे म्हणणे, सुनेने मला बाहेर काढले. हा शेवटचा आरोप विनोदाने केलेला होता असे मी समजते. अखेर दाराला अर्धी जाळी केली, कॉटचे डोके दाराच्या विरुद्ध बाजूला केले, म्हणजे झोपल्या झोपल्या तोंड अंगणाकडे राहील, आणि सकाळी चहानंतर त्यांना वॉकरने अंगणात नेऊन अर्धा-पाऊण तास कोवळ्या उन्हात बसवू लागलो.

पंधरा दिवसांत दिवसाची पेंग उतरली, संध्याकाळचा गोंधळ कमी झाला, फिजिओथेरपीच्या मुलीला त्या तिच्या लग्नाविषयी विचारू लागल्या. पण रात्रीचे काही सुधारेना, उलट बिघडले. पूर्वी झोप तुकड्या-तुकड्यांची होती, आता ती एकसंध झाली, परंतु संध्याकाळी ७ वाजता डोळे मिटत आणि अडीचला टक्क उघडत. त्यानंतर त्या झोपेला येणे नाही. मी चिडले. सगळे शास्त्राप्रमाणे करत होते आणि पेला अडीचलाच वाजत होता.

चूक माझीच होती आणि ती कोवळ्या उन्हात होती. आपल्याकडे लेकराला, बाळंतिणीला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, सर्वांना कोवळे ऊन चांगले, अशी धारणा आहे आणि हाडांसाठी, मनासाठी ती खोटी नाही. पण घड्याळाच्या बाबतीत उजेड कोणत्या वेळी मिळतो त्यावर काटा कोणत्या बाजूला सरकणार हे ठरते. पहाटेच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते. त्या बिंदूच्या नंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोपही लवकर येते आणि जागही लवकर येते. त्याच्या आधी, संध्याकाळी आणि रात्री मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो. रात्री एकपर्यंत जागणाऱ्या तरुणाला सकाळचे ऊन हवे ते यासाठी. म्हातारपणी घड्याळ मुळातच पुढे सरकलेले असते, आणि अशा माणसाला मी रोज सकाळी आणखी पुढे ढकलत होते. एवढ्यावर थांबले नव्हते. रात्री तीनला उठून मी चहासाठी ट्यूबलाइट लावत होते, आणि अडीचला उठणाऱ्या माणसाला तीनचा लखलखीत उजेड म्हणजे घड्याळाच्या लेखी सकाळच.

मग वेळ बदलली. सकाळी सोप्यातला साधा उजेड पुरे, अंगण नाही. संध्याकाळी पावणेपाच ते सहा, उन्हाळ्यात उकाडा कमी होईपर्यंत सोप्याच्या दारात आणि नंतर अंगणात. सांगलीचा यात एक फायदा आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सांगली साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. म्हणून आपल्याकडे सूर्य भिंतीवरच्या घड्याळापेक्षा अर्ध्या तासाहून थोडा उशिरा माथ्यावर येतो आणि तितकाच उशिरा मावळतो. पौषात सव्वासहापर्यंत, ज्येष्ठात सातपर्यंत अंगणात उजेड असतो. संध्याकाळच्या उजेडावर झालेल्या सगळ्याच प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हे मी येथे लिहून ठेवते. आमच्या घरी तीन आठवड्यांनी झोपेची वेळ साडेआठवर आली आणि जाग चारनंतर येऊ लागली. त्यात दुपारची झोप अर्ध्या तासावर आणल्याचा वाटाही असणार.

रात्रीच्या उजेडाचा प्रश्न वेगळा, कारण तेथे झोप आणि पडणे या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. निबिड अंधार घड्याळाला चांगला, पण आत्याबाई अंधारातच पडल्या होत्या. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडातून अंधाराशी जुळवून घ्यायला फार वेळ लागतो. न्हाणीघरातला पांढरा दिवा लावून, तो विझवून परत येताना त्यांना उंबरा दिसलाच नसता. पूर्वी अशा वाटेवर ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब असे. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर घरोघर एलईडी आले, विजेचे बिल कमी झाले, आणि त्याबरोबर ६,५०० केल्विनचा (केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचे माप) पांढरा-निळसर उजेड न्हाणीघरापासून देवघरापर्यंत सगळीकडे पोहोचला. दुकानात गेल्यावर वॅट विचारतो, रंग विचारत नाही. तेवढ्याच प्रखरतेचा २,७०० केल्विनचा पिवळसर दिवा घड्याळाला निम्म्याच्या आसपासच डिवचतो. आम्ही रात्रीच्या वाटेवरचे तीन दिवे पिवळे केले. कॉटखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तांबडा झिरोचा बल्ब लावला. हा झिरोचा बल्ब नावाप्रमाणे शून्य वॅटचा कधीच नसतो, पण त्याचा तांबडा मंद उजेड मेलॅनॉप्सिनला जवळजवळ दिसतच नाही, आणि खालून येत असल्याने तो डोळ्यांत न जाता उंबऱ्यावर पडतो. उंबऱ्याला पिवळ्या तेलरंगाचा पट्टा ओढला. लघवी अधिक होण्याची गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारले. त्यांनी वेळ बदलून दिली आणि रात्रीच्या दोन फेऱ्या वाचल्या. हा बदल कोणी आपल्या मनाने करू नये. डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल, उजेडाने त्वचेवर परिणाम होणारी औषधे चालू असतील, तर उजेडाचेही विचारूनच करावे.

टीव्हीबद्दल घरात बराच वाद झाला. आत्याबाईंना रात्री साडेसात ते साडेआठ मालिका पाहायची असते आणि मुलाने कोठेतरी वाचले होते की पडद्याच्या निळ्या उजेडाने झोप उडते. मी मोजून पाहिले. आठ-नऊ फुटांवरच्या टीव्हीमुळे त्यांच्या डोळ्यांपाशी जेमतेम पाच-सहा लक्स येत होते आणि छताच्या एलईडी पट्टीमुळे १५० च्या वर. पट्टी बंद केली, मालिका चालू ठेवली.

आषाढात पंधरा दिवस झड लागली आणि अंगणात बसणे बंद पडले. मला वाटले, सगळे मुसळ केरात. पण ढगाळ संध्याकाळीही सोप्याच्या दारात तीनशे-चारशे लक्स मिळत होते, माजघरातल्या भर दुपारच्या चौपट-पाचपट. झोपेची वेळ पंधरा-वीस मिनिटे इकडेतिकडे झाली, एवढेच. खरी अडचण भाद्रपदात आली. गणपती बसतात सोप्यात, म्हणजे आता आत्याबाईंच्या पायथ्याशी, आणि मुलांनी मखराला रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, ज्या दहा दिवस विझवायच्या नाहीत असा त्यांचा हट्ट. दुसऱ्या रात्री अडीचला पेला वाजला. सकाळी आत्याबाईंनीच निकाल दिला: "माझ्या सासूबाईंच्या वेळी समईच असायची की. देवाला तेवढ्यात दिसायचं." त्या रात्रीपासून आरती झाली की माळा बंद आणि समई चालू.

परवा चार वाजून दहा मिनिटांनी त्या उठल्या होत्या. हाक मारली नाही. मी रात्री भरून ठेवलेल्या थर्मासातला चहा त्यांनी तांबड्या उजेडात ओतून घेतला होता आणि अंगणाकडे तोंड करून बसल्या होत्या. मी विचारले, "उजाडायची वाट बघताय का?" म्हणाल्या, "अजून दोन तास आहेत. तू झोप जा."